दोष वयाचा नव्हे, कागदाचा

पुस्तक जुनं झालं की पानं ठिसूळ व्हायचीच, असं आपण धरून चालतो. पण पेशवेकाळातले कितीतरी मोडी कागद आजही न तुटता उलगडतात, आणि 1940च्या आसपासच्या स्वस्त पुस्तकाचा कोपरा दुमडला की त्याचा तुकडा पडतो. म्हणजे प्रश्न वयापेक्षा घडणीचा आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचं जाळं. पूर्वीचे कागदी कारागीर ताग-चिंध्यांचा लगदा चुन्यात मुरवत, कागदाला पिठाची खळ लावत आणि दगडाने घोटत. मागे उरलेला चुना आम्ल शोषून घेई. गिरण्यांनी मात्र शाई फुटू नये म्हणून लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळली. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो, हवेतल्या ओलाव्याच्या साथीने आम्ल साखळ्या तोडतं आणि त्या तुटण्यातून आणखी आम्ल तयार होतं. लगदा थेट लाकूड दळून केलेला असेल, तर त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं, ते वेगळंच.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जातो, मग दोष हवामानाचाच नाही का? उष्णतेने ही क्रिया झपाट्याने वाढते, हे खरंच. पण एकाच कपाटात एक पुस्तक टिकतं आणि शेजारच्याचा भुगा होतो, त्याचा उलगडा हवामानाने होत नाही. मग हातकागद तेवढा चांगला म्हणावा का? तेही नाही. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पांच्या नेतृत्वाखाली वर्ध्याच्याच मगनवाडीत हातकागदाला बळ दिलं. खेड्यातल्या हातांना काम देणारा हा उद्योग मोलाचा होता. तरीही हाताने केलेल्या कागदात गिरणीच्या रद्दीचा लगदा आणि तुरटी गेली, तर तोही आम्लधर्मीच होणार. टिकाऊपणा हातावर नाही, लगद्यावर आणि खळीवर ठरतो.

सगळं स्कॅन केलं की काम संपलं, असंही म्हटलं जातं. स्कॅनमुळे मजकूर वाचतो, पण कागद, बांधणी आणि समासातली पेन्सिलची टिपणं हाही पुरावाच असतो, आणि स्कॅन करायलासुद्धा पान उलटण्याइतकं शाबूत लागतं. म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी सर्वांत जुनं आधी, हा क्रम सोडावा. साधारण 1900 ते 1970 मधली गिरणी कागदाची पुस्तकं आधी तपासावीत, पत्र्याखालच्या खोलीतून आणि ओल्या भिंतीपासून हलवावीत, आम्लरहित खोक्यांत ठेवावीत. स्वातंत्र्यलढ्याचा आणि ग्रामोद्योग चळवळीचा छापील इतिहास नेमका याच कागदावर आहे. पोथ्यांना अजून सवड आहे, या पुस्तकांना नाही.