काठी, झोळी आणि सत्तर किलो

एका वस्तूत दोन कामे साधली की आपल्या मराठी माणसाला कोण आनंद होतो! धोतराचे पांघरूण होते, छत्रीची काठी होते, जुन्या साडीची गोधडी होते. त्यामुळे डोंगरात चालायच्या काठ्यांवर, म्हणजे ट्रेकिंग पोलवर, रात्री हॅमॉकही टांगता येतो असे कळल्यापासून आमच्या बोईसरची तरुण मंडळी खूश आहेत. झाड शोधायला नको, तंबू वाहायला नको. ‘काका, कोणती काठी घेऊ?’ असे विचारत त्यातले दोघे-तिघे माझ्याकडे येऊन गेले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाइप आणि पत्रा यांच्या सहवासात माझी नोकरी झाली आणि सुट्टीचे दिवस अशेरी, काळदुर्ग, कोहोज, असावा या आसपासच्या गडांवर गेले. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला असावा.

मुळात ही हौस वेडेपणाची नाही. पालघरच्या जंगलात पाऊस सरल्यानंतरही कितीतरी दिवस जमीन ओली असते. पालापाचोळ्यात विंचू असतो, फुरसे असते. मण्यार तर रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते आणि तो दंश अनेकदा झोपेत कळतही नाही. जमिनीपासून वर निजावे, हे शहाणपण जुनेच आहे. कोलंबसाला १४९२ साली बहामा बेटांवर लोक दोरीच्या झोळीत निजलेले दिसले. हॅमॉक हा शब्दही तिकडच्याच भाषेतला. आपल्याकडे शेतावर राबणारी आई तान्ह्या मुलाला झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत निजवतेच की!

पण तान्हे मूल चार किलोचे असते आणि ट्रेकर सत्तर किलोचा. सगळा घोटाळा इथे आहे.

हिशेब सोपा आहे. झोळीच्या दोन्ही दोऱ्या आडव्या रेषेपासून ३० अंशांवर आहेत असे धरू. वजन दोन टोकांना ३५-३५ किलो वाटले गेले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दोरी तिरपी असल्याने प्रत्येक दोरीत ७० किलोंचा ताण येतो. झोळी छान सपाट दिसावी म्हणून दोरी आवळून १० अंशांवर आणली, तर तोच ताण २०० किलोंवर जातो. झाडाला त्याचे काही वाटत नाही. काठी मात्र आत ओढली जाते. ती उभी राहावी म्हणून मागे खुंटी ठोकून दुसरी दोरी ताणावी लागते. ३० अंशांची झोळी आणि मागची दोरी ४५ अंशांवर, असे धरले तर त्या खुंटीवर ८५ किलोंची ओढ येते आणि काठीवर ९५ किलोंचा दाब. शिवाय आपण झोळीत हळुवार थोडेच बसतो? धपकन बसतो. त्या क्षणी हे आकडे आणखी वाढतात.

आता आपली जमीन पाहा. काळदुर्गाचा माथा म्हणजे उघडा कातळ. तिथे खुंटी शिरतच नाही. खालच्या रानात माती आहे, पण पावसात ती लोण्यासारखी होते आणि खुंटी अलगद बाहेर येते. त्याच रानात साग आहे, ऐन आहे. म्हणजे खुंटी जेमतेम धरते तिथे झाड हजर आहे आणि झाड नाही तिथे खुंटी धरत नाही! मग ९५ किलो पेलणारी काठी शोधायची कशासाठी?

म्हणून माझे उत्तर असे: काठी चालण्यासाठी घ्या. रात्री तिच्यावर मच्छरदाणी आणि ताडपत्री टांगा, स्वतःला टांगू नका. झाड असेल तर झोळी झाडाला बांधा आणि काठ्यांनी वरच्या ताडपत्रीच्या कडा उचलून धरा. माथ्यावर झाड नसेल तर सतरंजी खालीच घाला, दोन काठ्यांवर मच्छरदाणी उभारा आणि तिच्या कडा सतरंजीखाली नीट खोचा. मण्यारीपासून बचाव त्यानेही होतो. कातळावर खुंटीऐवजी दोरी मोठ्या दगडाला बांधावी. इतके हलके ओझे कोणतीही बरी काठी पेलते.

बरी काठी कशी ओळखावी? आत पिळून आवळायच्या काठीपेक्षा बाहेरून लिव्हरने आवळायची घ्यावी. चिखलात, ओल्या हातांनीही ती नीट बसते. कार्बनची काठी हलकी खरी, पण कपारीत अडकली की कडकन मोडते. अॅल्युमिनियमची आधी वाकते, म्हणजे इशारा देते. लांबी बेताची ठेवावी. सारखाच पाइप ११० ऐवजी १३० सेंटिमीटर लांब केला, तर वाकण्याआधी तो पेलू शकणारा भार जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. आणि आम्हा तारापूरकरांसाठी खास सूचना: किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि सांधे अडकतात. घरी आल्यावर काठीचे भाग सुटे करून गोड्या पाण्याने पुसावेत आणि वाळवूनच जोडावेत.

झाडाला झोळी बांधताना बारीक दोरी नको. ती सालीत रुतते आणि झाड जखमी होते. दोन बोटे रुंद पट्टा वापरावा. तोही नायलॉनपेक्षा पॉलिएस्टरचा बरा, कारण नायलॉन रात्रभरात ताणून झोळी खाली आणते. बसायची जागा गुडघ्याच्या उंचीपेक्षा वर ठेवू नये. पडलोच तर कंबर शाबूत राहायला हवी.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. आपल्याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याकडच्या रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजही आजारी माणसाला, अडलेल्या बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्या झोळीचा बांबू अखंड असतो, खांद्यावर आडवा असतो, आणि तो वाहणाऱ्यांना त्याची ताकद ठाऊक असते. गडावर एखाद्या सोबत्याचा पाय मोडला तर आपल्या घडीच्या काठ्यांची तशी डोली करायचा मोह होईल. करू नये. या काठ्या उभा दाब घेण्यासाठी घडवलेल्या असतात. आडव्या धरून मधोमध माणूस टांगला तर त्या सांध्यातच मोडतील. अशा वेळी एकाने जखमीजवळ थांबावे, दुसऱ्याने पायथ्याच्या पाड्यावर धाव घ्यावी आणि बांबू मागावा. बांबूबरोबर माणसेही येतात.

२०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि आमच्या गडांवर शहरातली वर्दळ वाढली. येणाऱ्यांचे स्वागतच आहे. फक्त दुकानात काठी हातात घेतली की ती किती कामे करते हे विचारण्याआधी, ती कोणत्या दिशेने किती वजन सोसते हे विचारा. आणि मच्छरदाणी आठवणीने घ्या.