चोर सोडून संन्याशाला फाशी
लेखमाला : डिजिटल कुलपांची गोष्ट – लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण डोंगल पाहिला. मराठी डीटीपी करणाऱ्या अनेकांनी तो संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचून ठेवलेला असे. बोलताना ते त्याला नुसतं ‘लॉक’ म्हणत. लॉक हरवलं की पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर बंद पडे. जाच होता, पण निदान तो डोळ्यांना दिसत होता. आजच्या गोष्टीतलं कुलूप कोणाला दिसू नये अशाच बेताने बनवलेलं होतं, आणि लाखो लोकांनी ते स्वतःच्या पैशांनी घरी नेलं.

३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच या अमेरिकी विंडोज-तज्ज्ञाने एक लेख प्रसिद्ध केला. रूटकिट शोधणारं स्वतःच लिहिलेलं साधन तो आपल्या संगणकावर तपासून पाहत होता, तर रूटकिट त्याच्याच यंत्रात निघालं. रूटकिट म्हणजे घुसखोराला लपवणारा प्रोग्राम. संगणकात कोणकोणत्या फायली आहेत, असं आपण विंडोजला विचारतो, तेव्हा हा प्रोग्राम मध्ये उभा राहतो आणि यादीतून ठरावीक नावं गाळून ती आपल्यापुढे ठेवतो. घरात कोण आलं, हे राखणदाराला विचारावं आणि राखणदारच पढवलेला असावा, तसा हा प्रकार. व्हायरस लिहिणारे आपला माल दडवायला हीच युक्ती वापरतात. रसिनोविचने माग काढत नेला, तेव्हा तो पोहोचला एका गाण्यांच्या सीडीपाशी. व्हॅन झँट या जोडीचा अल्बम त्याने रीतसर विकत घेतला होता. काढणारी कंपनी होती सोनी बीएमजी, तेव्हाच्या जगातल्या चार सर्वांत मोठ्या संगीत कंपन्यांपैकी एक.

गाण्याच्या सीडीत असला प्रोग्राम येतोच कसा, हे आधी पाहू. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीला मुळात कुलूपच नव्हतं. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून तिचं मानक ठरवलं, तेव्हा घराघरात संगणक येईल आणि तो सीडी वाचेल, हा विचार त्यात नव्हता. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने आवाजाचे आकडे तबकडीवर उघडे लिहिलेले असतात. कोणताही प्लेअर ते वाचतो, आणि संगणकही वाचतो. पुढे लोक गाणी संगणकात उतरवू लागले, इंटरनेटवर वाटू लागले आणि कंपन्यांचं धाबं दणाणलं. ती भीती खोटी नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. पण लाखो प्लेअर आधीच घरांत असताना मानक बदलणं शक्य नव्हतं. म्हणून तबकडीच्या कडेला, गाण्यांच्या नंतर, फक्त संगणकासाठीचा एक वेगळा भाग लिहिला गेला. साधा प्लेअर तिकडे फिरकत नाही. विंडोज मात्र ऑटोरनच्या सोयीमुळे सीडी घालताक्षणी त्यातला प्रोग्राम आपणहून सुरू करी.

हा प्रोग्राम होता एक्ससीपी, फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने लिहिलेला. पडद्यावर लायसन्सचा करार येई. ‘मान्य’वर क्लिक केलं की सीडी ऐकण्यापुरता एक प्लेअर मिळे, मोजक्या प्रती काढायची मुभा मिळे, आणि त्याच वेळी रूटकिट आत शिरे. करारात त्याचा उल्लेखही नव्हता. डॉलर-सिस-डॉलर या अक्षरांनी नाव सुरू होणारी प्रत्येक गोष्ट ते लपवून टाकी. सीडी कपाटात ठेवून दिली तरी त्याचं काम थांबत नसे. संगणकावर काय काय चालू आहे, हे ते दर दोन सेकंदांनी तपासत राही. काढून टाकायची सोय दिलेली नव्हती. कोणी शोधून त्याच्या फायली पुसल्याच, तर विंडोजला सीडी ड्राइव्ह दिसेनासा होई. त्याच कंपनीच्या इतर काही सीडींवर मीडियामॅक्स हा दुसरा प्रोग्राम होता. त्याचा करार नाकारला तरी त्याच्या फायली संगणकात उतरलेल्या असत.

यातून चोरी थांबली का? नाही. सीडी घालताना शिफ्टची कळ दाबून धरली की ऑटोरन होत नसे आणि कुलूप आतच येत नसे. तबकडीच्या कडेला नखाएवढी अपारदर्शक चिकटपट्टी लावली तरी काम भागे. लिनक्सवर एक्ससीपी चालतच नव्हतं. ज्याला प्रती काढून वाटायच्या होत्या, त्याला यातली कोणतीही एक वाट पुरेशी होती. नंतर फुकट उतरवून घेणाऱ्याच्या हाती तर निव्वळ गाणी पडत, रूटकिट नाही. अडकला तो दुकानात जाऊन पूर्ण किंमत मोजणारा. त्याला तीच गाणी सरळ मार्गाने आयपॉडवर टाकता येत नव्हती, कारण आयपॉडला हे कुलूप उघडता येत नव्हतं. स्विचफूट या बँडच्या टिम फोरमन या बास गिटारवादकाने तर, रूटकिट उघडकीस येण्याच्याही आधी, स्वतःच्याच अल्बमवरचं कुलूप कसं टाळायचं हे चाहत्यांना सांगितलं होतं. कलावंताला आपल्या श्रोत्याची अडचण कळली. कंपनीला कळली नाही.

पुढे जे घडलं, त्याला कुंपणाने शेत खाणं म्हणतात. डॉलर-सिस-डॉलरने सुरू होणारं काहीही लपतं, हे कळल्यावर व्हायरस लिहिणाऱ्यांना आयतं भुयार मिळालं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच या आडोशाचा फायदा घेणारा ट्रोजन फिरू लागला. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तोवर रेडिओवर सांगून टाकलं होतं, की बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नसतं, तर त्यांनी त्याची फिकीर का करावी. मग टीका वाढली, आणि कंपनीने ते काढून टाकणारा प्रोग्राम दिला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एड फेल्टन आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांनी तो तपासला, तर रोगापेक्षा औषध भयंकर निघालं. हा प्रोग्राम वापरलेल्या संगणकात एक दार उघडं राही, आणि त्यातून कोणतंही वेबपान हवा तो प्रोग्राम आत घुसवून चालवू शके.

या दोघांना रूटकिटचा सुगावा साधारण महिनाभर आधीच लागला होता. तरी ते गप्प राहिले, कारण अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यात कुलूप चुकवणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. आधी वकिलांना विचारणं त्यांना भाग पडलं. त्या काळात सीडी विकल्या जात होत्या आणि संगणक बाधित होत होते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचते ती ही गोष्ट. घरात शिरलेल्याला कायद्याचं अभय आणि शेजाऱ्याला सावध करणाऱ्याला कायद्याचा धाक, असं चित्र तेव्हा उभं राहिलं.

एक्ससीपी ५२ अल्बमवर होतं. सुमारे ४७ लाख सीडी तयार झाल्या होत्या, त्यांतल्या सुमारे २१ लाख विकल्या गेल्या होत्या. नोव्हेंबरच्या मध्यावर कंपनीने त्या परत मागवल्या. २१ नोव्हेंबरला टेक्सास राज्याने खटला भरला, ग्राहकांचे सामूहिक दावेही दाखल झाले. तडजोडीत ग्राहकांना कुलूप नसलेली सीडी आणि सोबत थोडी रोख रक्कम किंवा डाउनलोड मिळाले. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने संगणकाच्या नुकसानीपोटी दीडशे डॉलरपर्यंत भरपाई द्यायला लावली. आणि जानेवारी २००८ मध्ये याच कंपनीने आपली गाणी इंटरनेटवर कुलपाशिवाय विकायला काढली. चार मोठ्या कंपन्यांत हे पाऊल उचलणारी ती शेवटची.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते सांगतं. त्यातला ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने ज्याला मनाई नाही, अशा कामासाठी कुलूप उघडणाऱ्याला हे कलम गुन्हेगार ठरवत नाही. अमेरिकेच्या मानाने हा शहाणपणा मोठा आहे, आणि तो टिकवायला हवा.

निर्मात्याला त्याच्या कष्टाचे पैसे मिळालेच पाहिजेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण पैसे देणाऱ्याच्या घरात, त्याला न सांगता, त्याच्यावरच पहारा बसवायचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. संगणक ज्याचा, त्यात काय चालतं हे कळण्याचा आणि नको ते काढून टाकण्याचा हक्कही त्याचाच.

पुढच्या आठवड्यात ई-पुस्तकं. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने वाचकांनी विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसली होती, तिथून सुरुवात करू. तोवर एक करा : तुमच्या फोनमध्ये ‘विकत घेतलेलं’ म्हणून जे पुस्तक किंवा गाणं आहे, त्याच्या अटी एकदा उघडून वाचा, आणि ते खरोखर तुम्हाला विकलं आहे, की फक्त वापरायला दिलं आहे, ते पाहून ठेवा.