सर्व्हर पेटीतून बाहेर



शहागडच्या शेतकऱ्याला संगणकाचा सातबारा हवा असला, की पूर्वी अंबडला तहसील कचेरी गाठावी लागे. माहिती तिथल्या यंत्रात. ते बंद पडले की हेलपाटा फुकट. पुढे ही माहिती राज्याच्या मोठ्या केंद्रात गेली. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला आणि आता १५ रुपये भरून तो गावातूनच निघतो. माहिती एका पेटीला बांधलेली राहिली नाही, हा त्यातला मुद्दा.

सर्व्हर म्हणजे कचेरीतल्या सगळ्या संगणकांना माहिती पुरवणारे मुख्य यंत्र. पूर्वी ज्याचे त्याचे गुऱ्हाळ असे. चरक वेगळा, कढई वेगळी, आणि वर्षातले बरेच महिने सगळे उभेच. जुने सर्व्हर तसेच. शेअर्सला एक, ऊस नोंदीला दुसरा, बिलाला तिसरा. एकाची डिस्क भरून सांडते, दुसऱ्याची निम्मी रिकामी. आभासी पद्धतीत एकाच दणकट यंत्राचे भाग पाडून त्यावर अनेक सर्व्हर चालवतात. डिस्काही एकत्र जोडून ज्याला लागेल तेवढी जागा देतात. असा सर्व्हर म्हणजे शेवटी काही फाइलीच; त्या उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवल्या की काम चालू. कल्पना नवी नाही बरे का! आयबीएमने १९७२ सालीच ती आपल्या मोठ्या संगणकांसाठी आणली होती.

मात्र ही हलवाहलव भर गाळपात करू नये. हंगाम आटोपल्यावर आधी पूर्ण नक्कल काढावी आणि ती उघडून पाहावी. मग दोन्ही यंत्रांवरचे आकडे ताडावेत: सभासद किती, नोंदलेले क्षेत्र किती, देणे बिल किती. एका टनाचा फरक आला तरी थांबावे. जुने यंत्र लगेच भंगारात घालू नये. वजनकाट्याचा संगणक तर जागेवरच बरा. लिंक तुटली म्हणून उसाच्या गाड्या रस्त्यावर ताटकळणे कोणाला परवडते?

आता धोका. सगळे एका ठिकाणी आले, म्हणजे ते बिघडले की सगळेच थांबते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून कागदी फाइलींचे ढीग जळाले. ज्यांची दुसरी प्रत नव्हती, त्यांचे काय झाले ते सांगायला नको. म्हणून एक नक्कल दुसऱ्या गावी, गोदावरीच्या पुराच्या आवाक्याबाहेर हवी. त्याच डिस्कवर ठेवलेली प्रत नक्कल म्हणून धरू नये.

वार्षिक सभेत सभासदांनी एवढे जरूर विचारावे: आमच्या ऊस नोंदीची दुसरी प्रत कुठे आहे, आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली?