घरातले अंधत्व मुलाला येईल का?

गेल्या वर्षी वर्षावासात श्रीवर्धन तालुक्यातल्या एका विहारात ग्रंथवाचन आटोपून मी एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. एक तरुण जोडपे जवळ आले. जयभीम झाला. नवरा काही बोलेना, शेवटी बायकोनेच धीर केला. "दादा, तुम्ही लोकांची दवाखान्याची कामं करता म्हणून विचारते. आमच्या घरात आंधळेपणा आहे. आम्ही मूल होऊ द्यायचं का नाही?"

लग्नाला अडीच वर्षे झालेली. नवऱ्याच्या थोरल्या भावाला विशीत रात्रीचे दिसेनासे झाले आणि पस्तिशीच्या आत दिवसाचेही गेले. या मुलीची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. नवरा आतेभाऊ. आत्या रोज विचारते, पाळणा कधी हलणार? शेजारणी तिला वांझ म्हणू लागल्या होत्या. ती चोरून गोळ्या घेत होती हे नवऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी बी. कॉम. झालेला कारकून, खतावणी समजते, डोळा समजत नाही. पण त्यांच्याबरोबर आधी पनवेलला आणि मग मुंबईला गेलो आणि डॉक्टरांनी सांगितलेले वहीत उतरवून घेतले. अशी घरे आपल्या समाजात आणखीही आहेत, म्हणून ते इथे लिहीत आहे.

थोरल्याच्या आजाराचे नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डॉक्टर थोडक्यात आरपी म्हणतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी अंधारात दिसत नाही, मग बाजूचे दिसेनासे होते, नळीतून पाहिल्यासारखे समोरचे तेवढे उरते. जगात साधारण चार हजार माणसांत एकाला हा आजार असतो. माझ्या लहानपणी चाळीत एक गिरणी कामगार होते. रात्रपाळी करून येताना जिन्यात धडपडत. लोक म्हणत, पिऊन आलाय. त्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आज वाटते, त्यांनाही हेच असावे.

एक घोटाळा इथेच दूर करतो. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना रातांधळेपणा हे एकच नाव आहे. लहान मुलांना जीवनसत्त्व 'अ' कमी पडल्याने जो येतो, तो औषधाने बरा होतो. म्हणूनच बाळाला नवव्या महिन्यात आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तो डोस पाजतात. तो चुकवू नका. आरपीचा रातांधळेपणा मात्र गाजर, शेवगा, माशाचे तेल यांनी जात नाही. कुणी सांगितले म्हणून गरोदर बाईने 'अ' जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, पोटातल्या बाळाला त्यानेच अपाय होतो.

या घरातही आधी नको ते सर्व झाले होते. देवऋषी झाला, कुळातल्या कुणीतरी नाग मारल्याचे निघाले, ग्रहणात आईने विळी धरली होती हे निघाले. शेवटी पूर्वजन्मीचे पाप. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली बसून पूर्वजन्माचा हिशेब! १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा घेतला आहे. विज्ञान सांगते की मुलाला गुणधर्म आईबापाकडून मिळतात. पूर्वकर्माचा सिद्धांत सांगतो की आईबापाकडून फक्त शरीर मिळते आणि बाकी सारे मूल स्वतःच्याच मागच्या जन्मातून आणते. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असे ते दाखवून देतात. ते प्रकरण मी अनेकदा वाचून दाखवले होते, पण त्याचा असा उपयोग मला तोवर सुचला नव्हता.

आता आईबापाकडून काय येते ते पाहू. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यात असतात, एक आईकडची, एक बापाकडची. आरपीच्या पुष्कळ घराण्यांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते आणि माणसाला उत्तम दिसते. अशा माणसाला वाहक म्हणतात. नवराबायको दोघेही एकाच बिघाडाचे वाहक असले, तर दर खेपेला चारात एक शक्यता की मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतील. पहिले मूल चांगले निघाले म्हणून दुसऱ्याचा धोका वाढत नाही की कमी होत नाही.

या कुटुंबात आजार असाच आला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी तीन पिढ्यांचा कागद मांडला आणि मला आकडेमोड आवडते म्हणून मी ती पुन्हा करून पाहिली. धाकट्याची नजर चांगली, पण भावाला आजार, म्हणून तो वाहक असण्याची शक्यता तिनात दोन. त्याची आई वाहक असणारच, तिचा भाऊ म्हणजे मुलीचा बाप वाहक असण्याची शक्यता दोनात एक, मुलगी चारात एक. या सर्वांचा गुणाकार करून मूल अंध होण्याची शक्यता निघते चोविसात एक.

आणि थोरला? त्याची बायको नात्याबाहेरची, दूरच्या गावची. त्याला दोन मुले, दोघांनाही स्वच्छ दिसते. गाव म्हणते, नशिबाने वाचली. नशीब कसले? त्याच्याकडून प्रत्येक मुलाला एक बिघडलेली प्रत मिळतेच, पण त्याच्या बायकोकडे तोच बिघाड असण्याची शक्यता फार थोडी. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याच्या मुलांना धोका कमी होता, आणि ज्याला दिसते त्याच्या मुलांना जास्त, कारण त्याने मामाची मुलगी केली. मी हे तीनदा विचारून घेतले.

मामाच्या मुलीवर मुलाचा हक्क ही रीत आपण गावकीच्या इतर रीतींबरोबर सोडायला हवी होती, ती सोडली नाही. हुंडा नको, खर्च नको, घरची मुलगी घरात, हे सोयीचे वाटते. ज्या घरात असा आजार नाही तिथेही सख्ख्या मामे-आतेभावंडांत आठवा हिस्सा जनुके सारखी असतात. म्हणून काही या जोडप्याचे लग्न चुकले असे कुणी त्यांना ऐकवू नये. चोविसातली तेवीस मुले डोळसच असतात.

सर्व घरांचा हिशेब असाच नसतो. काही प्रकारांत आईबापांपैकी एकाला आजार असला की निम्मी शक्यता मुलाला. काही प्रकारांत आई वाहक आणि आजार बहुधा मुलग्यांना, अशा आजारी बापाकडून मुलग्याला तो मुळीच येत नाही. लेबर नावाचा डोळ्याच्या नसेचा एक आनुवंशिक आजार फक्त आईकडून येतो. आणि मोतीबिंदू, काचबिंदू, गोवर, अपघात, गरोदरपणी आईला झालेला रुबेला यांनीही दृष्टी जाते. घरात दोन माणसे अंध म्हणजे आजार आनुवंशिकच, असे धरू नये. म्हणून आधी निदान हवे. आपल्या जिल्ह्यात अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे, पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, पुढे मुंबईत जे. जे., आणि परळला वाडिया बालरुग्णालय आहे.

तपासणी रक्ताची असते, पण ती सुरू करावी लागते ज्याला आजार आहे त्याच्यापासून. त्याच्यात बिघाड सापडला तरच इतरांत तो शोधता येतो. काही घराण्यांत सर्व करूनही सापडत नाही. खर्च हजारांत जातो, आधी नीट चौकशी करावी.

म्हणजे थोरल्याचे रक्त लागणार होते आणि त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, असा आमचा समज होता. आम्ही गेलो तेव्हा तो ओटीवर सुपारी सोलत बसला होता. हात भराभर चालतात, बघत राहावे. धाकटा चाचरत बोलू लागला. थोरला म्हणाला, "माझ्यासारखं होऊ नये म्हणूनच ना? मला वर्षापासून कळतंय. कान शाबूत आहेत माझे."

कुणालाच बोलवेना. लहानपणापासून ती मुलगी त्याला दादाच म्हणते. ती रडत म्हणाली, "तुमच्यासारखा नको असं नाही दादा. त्याला पुढे काय लागेल ते आधी कळावं."

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "रक्त देतो. पण अहवाल आला की पहिला मला वाचून दाखवायचा. शाळेत मास्तरांना वाटायचं मी ढ आहे. फळ्यावरचं दिसत नाही हे मलाच ठाऊक नव्हतं, तर त्यांना कोण सांगणार? या पोराला तसं असलं तर पहिल्या दिवसापासून सांगा." त्याच्याजवळ अपंगत्वाचे प्रमाणपत्रही नव्हते. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना एक टक्का जागा आहेत, पण त्याचे शिक्षण सातवीतच सुटले. प्रमाणपत्र आम्ही आता काढले.

उपचारांबद्दल लोक विचारतात. आरपीईपासष्ट या एकाच जनुकाच्या बिघाडावर २०१७ साली अमेरिकेत उपचाराला मान्यता मिळाली, किंमत साडेआठ लाख डॉलर. जाहिरातीतल्या थेंबांवर आणि चूर्णांवर पैसे घालवू नका. गर्भाची तपासणी काही आजारांत कायद्याने करता येते, तिच्या आडून मुलगा की मुलगी विचारणे गुन्हा आहे, आणि पुढचा निर्णय नवराबायकोचा. सासूचा नाही, पंचायतीचा नाही आणि माझाही नाही.

अहवाल दोन महिन्यांनी आला. ठरल्याप्रमाणे आधी थोरल्याला वाचून दाखवला. त्याच्यात दोन्ही बिघाड सापडले. धाकट्याचे आणि त्याच्या बायकोचे काय निघाले आणि त्यांनी काय ठरवले हे त्यांच्या घरातच राहू द्यावे, असे त्यांनी मला सांगितले आहे.

थोरल्याची मुलगी बारावीला आहे. गेल्या महिन्यात त्याच्या बहिणीने आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. त्याने मला बोलावून हिशेब करायला लावला. मुलगी वाहक आहेच, आत्याचा मुलगा वाहक असण्याची शक्यता तिनात एक, मूल अंध होण्याची बारात एक. त्याने बहिणीला निरोप पाठवला की आधी मुलीला शिकू दे, आणि पुढेही या घरचे स्थळ या घरात नको. बहीण रागावली आहे. रक्षाबंधनाला आली नाही. तो अहवाल घेऊन तिच्याकडे जाणार आहे, मला सोबत चला म्हणाला आहे.