साथीच्या काळातील वन्यजीव-संशोधन : दुहेरी दक्षतेची गरज

वटवाघळांच्या गुहेत शिरणारा संशोधक नाकातोंडावर मुखपट्टी बांधतो ती स्वतःच्या रक्षणासाठी, असा सर्वसाधारण समज आहे. २०२० साली कोविड-१९ची साथ जगभर पसरली आणि या समजाची दुसरी बाजू ठळकपणे पुढे आली. प्राण्यापासून माणसाला रोग होतो, तसाच तो माणसापासून प्राण्यालाही होऊ शकतो. त्यामुळे रानात अभ्यासासाठी जाणाऱ्या पथकाला दोन्ही दिशांनी दक्षता घेणे भाग पडले.

पहिली दिशा परिचयाची आहे. वटवाघळे हाताळणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी, जाड हातमोजे वापरावेत, हे दंडक जुनेच होत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर परिसरातील गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांतील काहींमध्ये निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे वृत्त २०२१ मध्ये प्रसिद्ध होताच बरीच खळबळ उडाली. वस्तुतः प्रतिपिंडे सापडणे ही त्या प्राण्याला पूर्वी केव्हातरी संसर्ग होऊन गेल्याची खूण असते. तेवढ्यावरून त्या परिसरात रोग फैलावला, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते. अशी माहिती वेळीच हाती यावी, म्हणूनच तर हे जोखमीचे काम करावयाचे असते.

दुसऱ्या दिशेची उदाहरणे साथ सुरू झाल्यावर लवकरच मिळाली. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील एका वाघिणीला कोविडची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंह बाधित आढळले. ब्राँक्सच्या घटनेनंतर लगेच राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने व्याघ्र प्रकल्प असलेल्या राज्यांना दक्षतेच्या सूचना दिल्या. त्याही आधीचा एक अनुभव आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्यातील आहे. तेथे संशोधकांच्या नित्य सहवासाला सरावलेले चिंपांझी श्वसनरोगाने दगावले आणि तपासाअंती त्यांच्यात माणसांतच आढळणारे श्वसनविषाणू सापडले. आपल्याला साधे पडसे वाटते ते त्यांच्या जिवावर बेतले. म्हणूनच वानरकुलाच्या अभ्यासात किमान सात मीटर अंतर राखणे, मुखपट्टी बांधणे आणि बाहेरून आलेल्या माणसाने काही दिवस वेगळे राहणे, हे नियम कोविडपूर्वीच घालून देण्यात आले होते.

वटवाघळांबाबत चिंता अधिक होती. उत्तर अमेरिकेत २००६ पासून पसरलेल्या श्वेतनासिका रोगाच्या बुरशीने लक्षावधी वटवाघळांचा बळी घेतला आहे. ही बुरशी युरोपातून, बहुधा माणसांमार्फत, तेथे पोहोचली असावी असे मानले जाते. कोविडचा विषाणू असाच वटवाघळांच्या वसाहतींत शिरला, तर तो तेथे ठाण मांडून बसेल, ही भीती होती. त्यामुळे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या वटवाघूळ तज्ज्ञगटाने त्यांना हाताळण्याचे काम स्थगित ठेवावे, असे सुचविले. पुढे या सल्ल्याला तीन सूत्रांचे रूप आले : संपर्क कमीत कमी ठेवणे, प्रत्येक कामाची जोखीम आधी तोलणे आणि काम करणे अपरिहार्यच असेल तर संरक्षक साधने वापरणे. जाळ्यात धरून करावयाची मोजणी मागे पडली व ध्वनिमापक यंत्राने वटवाघळांचे आवाज टिपणे, वस्तीखाली कापड पसरून विष्ठा गोळा करणे, अशा पद्धतींना महत्त्व आले. मात्र आवाजावरून वय किंवा आजारपण कळत नाही, ही त्यांची मर्यादा आहे.

काम बंद ठेवणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, असेही म्हणता येत नाही. युगांडातील ब्विंडी अरण्यात पर्यटन बंद असताना जून २०२० मध्ये राफिकी हा परिचित नर गोरिला शिकाऱ्याच्या भाल्याला बळी पडला. रानात माणसांचा वावर घटला की चोरट्यांचे फावते.

या सर्व विचारात एक घटक सहज विसरला जातो, तो म्हणजे संशोधकांना वाट दाखविणारा गावकरी. शहरातून आलेले पथक त्याच्याच जीपमध्ये बसते, त्याच्याच घरी जेवते. साथ त्याच्या घरात शिरली तर जवळचे रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असते आणि काम थांबले तर त्याची मजुरी प्रथम बुडते. पथकाची जोखीम-योजना तयार होताना मुखपट्टी, हातमोजे व लस यांच्या हिशेबात त्याचे नाव आहे काय, आजारी पडल्यास त्याला कोण कोठे नेणार आणि बंदीच्या काळातील मजुरीचे काय, हे ग्रामपंचायतीने विचारून घेणे योग्य होय. संशोधनास वनविभागाची लेखी परवानगी आहे किंवा नाही, हेही त्याच वेळी पाहता येईल.

२०२० मध्ये अफवांमुळे वटवाघळांचे वसतिवृक्ष तोडण्याची भाषा अनेक ठिकाणी ऐकू आली. त्याच वर्षी दक्षिण आशियातील अभ्यासकांनी संयुक्त निवेदनाद्वारे, भारतीय वटवाघळांपासून माणसाला कोविड झाल्याचा पुरावा नाही, असे स्पष्ट केले. वसाहत हुसकावून लावल्यास घाबरलेले प्राणी विखुरतात आणि माणसांशी त्यांचा संबंध उलट वाढतो. शाळेच्या आवारात वटवाघूळ पडलेले आढळल्यास मुलांना दूर ठेवावे, उघड्या हाताने त्याला स्पर्श करू नये व वनकर्मचाऱ्यास कळवावे. चावा किंवा ओरखडा झाला असल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.