पिकते तिथेच विकते! — नेपल्सच्या खाणावळीतले एक ताट



‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण आपल्या तोंडात घट्ट बसली आहे. टोमॅटो लावायचा आपण, बांधायचा आपण, क्रेट भरायचे आपण आणि भाव ठरवायचा दुसऱ्याने! भाव पडला की तोच माल बांधावर ओतायची पाळी येते. त्या दिवशी शहरातल्या हॉटेलात टोमॅटोच्या भाजीचा दर उतरला, असे मात्र कधी ऐकले आहे का? मालाला दाम असतो, पण तो मालाच्या मागोमाग गावी परत येत नाही.

याहून वेगळे कुठे घडते का, हे पाहण्यासाठी आज जरा लांबचा प्रवास करू. इटली देशाच्या दक्षिणेला व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी नेपल्स हे समुद्रकाठचे जुने शहर आहे. तिथल्या एखाद्या गल्लीतल्या साध्या खाणावळीत आपण जेवायला बसलो आहोत असे समजा. समोर येणारा एकेक जिन्नस कोणत्या शिवारातून आला, त्याचा माग काढू.

खाणावळीची रीत

इटलीत मोठ्या, भपकेदार हॉटेलाला ‘रिस्तोरांते’ म्हणतात. आपण जिथे बसलो आहोत ती ‘त्रात्तोरिया’, म्हणजे घरगुती खाणावळ. बहुधा एकच कुटुंब ती चालवते. आठ-दहा टेबले, नेहमीची गिऱ्हाइके आणि पुष्कळदा ‘आज काय केले आहे’ हे खडूने लिहिलेला फळा. रात्रीचे जेवण साडेसात-आठच्या आधी सहसा सुरू होत नाही.

बसल्याबरोबर पावाची टोपली येते. ती फुकट आहे असे समजू नका. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी एक लहानशी रक्कम लावलेली असते, ती पाव आणि टेबलाची. बक्षिसाची सक्ती नसते. आपल्या ताटात भाजी, आमटी, भात, चटणी सारे एकदम वाढतात. तिथे मात्र पाळी ठरलेली असते. आधी तोंडी लावायला थोडे काही, त्याला ‘आंतिपास्तो’ म्हणतात. मग ‘प्रीमो’, म्हणजे शेवयांच्या जातीचा पास्ता किंवा भात. त्यानंतर ‘सेकोंदो’, म्हणजे मासे किंवा मटण, आणि सोबत वेगळी भाजी. शेवटी गोड आणि घोटभर काळी कॉफी. सगळे घेतलेच पाहिजे असे नाही, दोन पदार्थांवर उठणारेही पुष्कळ असतात. जेवण झाले तरी मागितल्याशिवाय बिल येत नाही. गिऱ्हाइकाला लवकर उठवणे तिथे असभ्य समजतात. पास्ता संपल्यावर उरलेला रस पावाच्या तुकड्याने पुसून खाण्याला ते ‘लहानसा जोडा करणे’ असे म्हणतात. अन्न वाया घालवायचे नाही, ही शिकवण तिथल्या आजीनेही दिलेली आहे.

पहिली बशी : म्हशीच्या दुधाची

पहिल्या बशीत टोमॅटोच्या चकत्या, पांढऱ्याशुभ्र चीजच्या चकत्या, वर हिरवी पाने आणि ऑलिव्हच्या तेलाची धार. पाने ‘बाझिलिको’ची. आपण उन्हाळ्यात ज्याचे बी भिजवून सरबतात घालतो, तो सब्जा म्हणजे हीच वनस्पती. आणि पांढरे चीज म्हणजे ‘मोझ्झारेल्ला’, तेही चक्क म्हशीच्या दुधाचे!

दुधाळ नदी-म्हैस मूळची आपल्या भारतीय उपखंडातली. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे भारतात जवळजवळ ११ कोटी म्हशी होत्या. त्यांच्यापुढे इटलीतल्या म्हशी अगदी मूठभर. पण नेपल्सच्या आसपासच्या कासेर्ता आणि सालेर्नो जिल्ह्यांतल्या लोकांनी तेवढ्या म्हशींच्या दुधाचे सोने केले. दुधाला विरजण आणि रेनेट लावून साका धरवतात. तो कढत पाण्यात ताणून लवचीक करतात आणि त्याचे गोळे हाताने तोडतात. ‘मोझ्झारे’ म्हणजे छाटणे, तोडणे, म्हणून हे नाव. खाली उरलेली निवळीही फेकत नाहीत. ती पुन्हा तापवली की जो मऊ साका मिळतो तो ‘रिकोत्ता’, म्हणजे ‘पुन्हा शिजवलेला’.

आता महत्त्वाची गोष्ट. ‘मोझ्झारेल्ला दि बुफाला काम्पाना’ हे नाव कोणालाही वापरता येत नाही. तिथल्या उत्पादकांनी १९८१ मध्ये आपला संघ बांधला. १९९६ मध्ये युरोपने या नावाला ‘दॉप’ हे संरक्षण दिले. दूध ठरलेल्या प्रदेशातल्या म्हशीचेच हवे, त्यात गाईच्या दुधाचा थेंब नको, फॅट किमान ७.२ टक्के हवे, असे त्याचे नियम आहेत. आपल्या पंढरपुरी आणि नागपुरी म्हशीही फॅटला मागे नाहीत! ही मोझ्झारेल्ला ताजी असतानाच खाण्यात मजा. त्यामुळे गोठा, चीजचा कारखाना आणि गल्लीतली खाणावळ ही साखळी जितकी आखूड, तितका माल चांगला. इथे ‘पिकते तिथेच विकते’ हे खरे ठरते.

दुसरी बशी : टोमॅटो आणि गहू

पुढे येतो टोमॅटोच्या रसातला पास्ता. टोमॅटो मूळचा अमेरिकेतला, इटलीलाही तो परकाच. पण व्हेसुव्हियसच्या राखेने सुपीक झालेल्या सार्नो-नोचेरा खोऱ्यात ‘सान मार्झानो’ नावाचा लांबट, जाड गराचा, कमी बियांचा टोमॅटो रुजला. त्याला आधार द्यावा लागतो. फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून अनेक तोड्यांत हाताने तोडावी लागतात. साहजिकच खर्च जास्त. १९७० आणि १९८० च्या दशकांत रोगांनी आणि जास्त उतारा देणाऱ्या संकरित वाणांनी तो जवळजवळ शेतातून हद्दपार केला होता. मग जुने बी गोळा करून, निवड करून त्याला पुन्हा उभे केले गेले. १९९६ मध्ये त्याच्याही नावाला संरक्षण मिळाले. नाव वाचले म्हणून वाण वाचला, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच डोंगराच्या उतारावर ‘पिएन्नोलो’ नावाचा लहान टोमॅटो होतो. आपण मक्याची कणसे टांगतो तसे त्याचे झुबके छताला टांगतात आणि हिवाळाभर पुरवतात. शिवाय दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये घरची सारी माणसे मिळून टोमॅटोचा रस बाटल्यांत भरतात. भगिनींनो, भाव पडलेल्या हंगामात तुम्हालाही हे करता येईल. टोमॅटो उकळून चाळणीतून गाळा. स्वच्छ, उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत भरताना लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा अर्धा लहान चमचा सायट्रिक ॲसिड घाला. झाकण घट्ट लावून बाटल्या पाण्यात बुडवा आणि पाण्याला उकळी आल्यापासून पाऊण तास उकळा. आंबटपणा कमी पडला तर घातक जंतू वाढतात, म्हणून ही पायरी चुकवू नका. झाकण फुगले किंवा वास बदलला, तर ती बाटली चाखूनसुद्धा पाहू नका.

आता पास्त्याकडे वळू. सुक्या पास्त्यासाठी लागतो ड्यूरम गहू, म्हणजे आपला बन्सी. त्याचा रवा काढून आपण शेवया करतो. इटलीने १९६७ मध्ये कायदाच केला की देशात होणारा सुका पास्ता ड्यूरमचाच असला पाहिजे. नेपल्सजवळचे ग्रान्यानो गाव पास्त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि २०१३ मध्ये त्याच्या नावालाही संरक्षण मिळाले. पण इथे एक मेख आहे. हे संरक्षण पास्ता कुठे आणि कसा बनला एवढेच पाहते, गहू कुठलाही चालतो. इटली बराच ड्यूरम गहू कॅनडासारख्या देशांतून आणते. तिथल्या गहू उत्पादकांनी यावर ओरड केली. तेव्हा गहू कोणत्या देशात पिकला आणि कुठे दळला, हे पुड्यावर लिहिण्याचा नियम २०१८ पासून लागू झाला. सांगायचा मुद्दा असा, की नाव कारखान्याच्या गावाचे आहे की शिवाराचे, हे शेतकऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहावे लागते.

बशीत न दिसणारा हात

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, इटलीचा शेतकरी भाग्यवान! तसे सरसकट नाही. या टोमॅटोच्या आणि भाज्यांच्या शेतांत परदेशांतून आलेले हजारो मजूर राबतात. अनेकांना मुकादम ठेका घेऊन आणतो आणि त्यांच्या मजुरीतून आपला वाटा कापतो. या पिळवणुकीविरुद्ध २०१६ मध्ये कडक कायदा झाला. त्यात मुकादमाबरोबर मालकालाही गुन्हेगार धरले. तरीही जून २०२४ मध्ये रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यानच्या लातिना जिल्ह्यात शेतावरच्या यंत्रात एका तरुण पंजाबी मजुराचा हात तुटला. त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी त्याच्या घराजवळ टाकून दिले गेले. दोन दिवसांनी तो दगावला. त्यावर इटलीत मोर्चे निघाले.

हे सांगितले ते अशासाठी, की बशीवर गावाचे नाव आले म्हणजे न्याय आलाच असे नव्हे. चीजला, टोमॅटोला नाव मिळाले. तोडणाऱ्या हाताला ते अजून मिळायचे आहे. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, आपल्या राज्यात पास्ता लावा किंवा मोझ्झारेल्लाचे कारखाने काढा, असे मी म्हणत नाही. घ्यायची ती त्यांची रीत. त्यासाठी तीन गोष्टी सुचवतो.

एक, नावाची नोंद. भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून लागू झाला. मंगळवेढ्याची ज्वारी, जळगावचे भरिताचे वांगे, लासलगावचा कांदा, वायगावची हळद, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, कोल्हापूरचा गूळ यांना मानांकन मिळालेले आहे. पण नुसते मानांकन मिळून भागत नाही. ज्या शेतकऱ्याला ते नाव आपल्या मालावर लावायचे आहे, त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. तुमच्या भागातल्या पिकाला मानांकन असेल, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जाऊन ही नोंद कशी करायची ते विचारा. एकट्याने नव्हे, गटाने जा.

दोन, नाव ताटापर्यंत न्या. आपल्या खाणावळीच्या फळ्यावर ‘वांग्याचे भरीत’ एवढेच असते. ‘जळगावच्या वांग्याचे भरीत’, ‘मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी’ असे का असू नये? अर्थात, माल खरोखर तिथला असेल तरच. तालुक्याच्या गावी, हमरस्त्यावर ज्यांच्या खाणावळी आहेत, त्यांच्याशी गटाने बोलणी करा. ठरलेला माल ठरलेल्या दिवशी, एकाच प्रतीचा देऊ, पण फळ्यावर आमच्या गावाचे नाव हवे, अशी अट घाला. खराब माल एकदा गेला की नाव बुडते, हेही गटात बजावून ठेवा.

तीन, जमल्यास ताटच शेतावर वाढा. इटलीने १९८५ मध्ये शेतघरी पाहुणचार करण्याचा, म्हणजे ‘आग्रितुरिझ्मो’चा कायदा केला. त्यात मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे आणि पाहुण्याला स्वतःच्या शेतातला माल वाढला पाहिजे, यावर भर होता. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. आपली खपली हा इटलीत ‘फार्रो’ नावाने विकल्या जाणाऱ्या गव्हांपैकीच एक. तिकडच्या गारफान्याना भागातल्या फार्रोला १९९६ पासून नावाचे संरक्षण आहे. तुमच्या शेतावर आलेल्या पाहुण्याला खपलीची खीर वाढताना तो गहू कोणत्या रानात पिकला हेही सांगा, आणि निघताना किलो-दोन किलो विकतही द्या.

आणि अशा पंगतीत बसाल तेव्हा माल तोडणाऱ्या, वाढणाऱ्या मजुराची मजुरी त्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे, त्याच्या हातात द्या. म्हण बदलायची तर तिची सुरुवात आपल्या बांधावरून होऊ द्या.