लाईट गेली तर काय पेटवणार? कंदील, पणती की बॅटरी, पावसाआधीच ठरवा

मृग लागला की आपल्याकडे लाईट जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. दोन तासांसाठी गेली तर मेणबत्तीवर भागतं. पण ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं, त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतल्या कित्येक वाड्यांना वीज परत यायला आठवडे लागले. मोबाइल बंद पडले आणि माळ्यावरचे कंदील खाली आले. कुणाची काच फुटलेली, कुणाची वात कडक झालेली, आणि रॉकेल आणायचं कुठून हा प्रश्न सगळ्यांनाच.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. घराला दोन प्रकारचा उजेड लागतो: बसायचा आणि चालायचा. जेवायला, मुलांच्या अभ्यासाला लागतो तो बसायचा. गोठ्यात, संडासाला, विहिरीवर जाताना लागतो तो चालायचा. चालायच्या उजेडासाठी ज्योत वापरूच नका. वाऱ्यानं विझते, हातातून पडते आणि गोठ्यात पेंढा असतो. शिवाय कंदिलाचा उजेड चारी बाजूंना पसरतो, पायाखाली मात्र त्याच्या बुडाची सावली पडते. जांभ्या दगडाच्या रंगात मिसळून बसलेलं फुरसं त्या सावलीत दिसत नाही. त्यासाठी हातात बॅटरीच हवी. कपाळाला बांधायची मिळाली तर आणखी बरं, दूध काढताना दोन्ही हात मोकळे राहतात.

आता रॉकेलचं. रेशनवर ते बऱ्याच ठिकाणी मिळेनासं झालंय. मग कुणी डिझेल घालतं, ते धूर करतं. कुणी 'थोडंसंच' पेट्रोल मिसळतं, आणि हे थेट जिवावर बेततं. रॉकेलची वाफ पेट घ्यायला तेल साधारण ३८ अंशांच्या वर तापावं लागतं. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांनाही पेटते. म्हणजे आपल्या घरात ती कधीही पेटायला तयारच असते, आणि भडका टाकीपर्यंत पोचतो. पेट्रोलच्या कॅनमधून रॉकेल आणणंही टाळा, तळाशी उरलेलं पेट्रोल पुरेसं असतं.

बाटलीच्या झाकणाला भोक पाडून केलेली चिमणी अजून काही घरांत आहे. उंच, हलकी, जरा धक्का लागला की आडवी, आणि तेल अंथरुणावर. श्रीलंकेतले शल्यचिकित्सक विजया गोडाकुंबुरा यांनी अशा चिमण्यांनी भाजलेले रुग्ण पाहून वेगळा दिवा तयार केला. बुटका, जड काचेचा, आट्यांचं घट्ट झाकण, आणि आडवा पडला तरी गडगडू नये म्हणून दोन बाजू सपाट. त्यासाठी त्यांना १९९८ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपण कुठलाही दिवा घेताना हेच बघायचं: बूड रुंद आहे का, तेल सांडतं का.

कंदील असेलच तर टाकी, काच आणि वात आताच तपासा. वात सरळ कातरा. मोठी केली की उजेड वाढतो असं वाटतं, प्रत्यक्षात काजळीच वाढते. पेटता कंदील कधी भरू नका. आणि रात्रभर खोली बंद करून तो जळत ठेवू नका, धूर आणि विषारी वायू आतच कोंडतात.

रॉकेल नसेल तर गोडं तेल कंदिलात घालून बघू नका. ते घट्ट असतं, लांब वातीतून वर चढत नाही. त्याला पणती किंवा समईच हवी, जिथे तेल आणि ज्योत जवळजवळ असतात. पूर्वी किनाऱ्यावर उंडीचं तेल जाळायचे, करंजाचंही चालतं. खोबरेल मात्र साधारण २४ अंशांना गोठतं, त्यामुळे गार रात्री आळतं. ही तेलं सांडली तरी रॉकेलसारखी झटकन भडकत नाहीत, पण उजेड मेणबत्तीएवढाच. वाचायला तो पुरत नाही.

बसायच्या उजेडासाठी आता खरं तर एलईडीच परवडतो. एक वॅटचा साधा यूएसबी दिवा सात-आठ मेणबत्त्यांइतका उजेड देतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास वीज असते. थोडी वाया गेली तरी हा दिवा २५ तासांच्या आसपास चालतो, म्हणजे रोज चार तास धरले तर सहा रात्री. हाच हिशेब पाच वॅटच्या दिव्याला लावला तर जेमतेम पाच तास. म्हणून जास्त वॅट बघून भुलू नका. इन्व्हर्टर बल्ब तीन-चार तास टिकतो, तासा-दोन तासांच्या भारनियमनाला ठीक. सोलर कंदील चांगला, पण आषाढात चार दिवस ऊन नसतं, तेव्हा विजेवरही चार्ज होणारा घ्या. जुन्या, जड इमर्जन्सी दिव्याची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की मरते. महिन्यातून एकदा तरी चार्जिंगला लावा.

कुणी भाजलंच, तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका, आणि दवाखाना गाठा. रॉकेल पेटलं तर त्यावर पाणी न ओतता माती किंवा वाळू टाका.

एका संध्याकाळी मेन स्विच बंद करून बघा. कुठली वस्तू अंधारात सापडत नाही ते कळेल. बॅटरी बहुतेक कपाटात निघेल. ती दाराशेजारच्या खुंटीला लावा.